फुलकिड्याची झालर

तुमच्या फ्रीजरमध्ये काय काय असतं? माझ्या फ्रीजरमध्ये साधारण तुमच्यासारखंच सगळं असतं: खवलेलं खोबरं, चिरलेली मेथी, मटार, इंडियन स्टोअरमधून आणलेले पराठे, उरलेल्या पुरणाचे दोन गोळे. २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत त्यात आणखी एक डबा असायचा, मेथीच्या मागे ढकललेला. त्यावर मी मार्करने 'उघडू नये' असं लिहून ठेवलं होतं. जुलैमधल्या एका दुपारी माझ्या वडिलांनी बर्फ शोधता शोधता तो उघडला. आत कागदाच्या घड्यांमध्ये ठेवलेले चाळीसेक किडे होते.

त्या डब्याबद्दल सांगायचं तर आधी थोडं मागे जावं लागेल.

मी पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनजवळ राहते. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. २०२० मध्ये सगळे घरात अडकलो तेव्हा मुलाच्या बारशाला घेतलेला कॅमेरा कपाटातून बाहेर काढला. कुठेतरी वाचलं की साधी लेन्स उलटी लावली तर ती भिंगासारखं काम करते. त्यासाठी लागणारी रिंग काही डॉलरमध्ये मिळाली. खिडकीत कुंडी होती तुळशीची. तीच तुळस, जिला आपण दर हिवाळ्यात घरात घेतो आणि तरी ती फेब्रुवारीत रुसून बसते.

लेन्समधून पान पाहिलं आणि मी श्वास रोखला. हिरव्या उंचसखल जमिनीवर कोणीतरी सोनेरी थेंब बसवावेत तसे तेलाचे बारीक गोळे पानभर पसरले होते. आपण पान चुरगाळतो तेव्हा जो वास येतो तो यांच्यातून येतो. आणि देठाच्या बेचक्यात मावा होता. एका माव्याच्या पाठीमागून दुसरा, इवलासा, पाय मागे सोडत बाहेर येत होता. माव्याची मादी उन्हाळ्यात नराशिवायच थेट पिल्लं जन्माला घालते, हे शाळेत नुसतं पाठ केलं होतं. त्या दिवशी ते बाळंतपण मी माझ्या किचनमध्ये पाहिलं, आणि मागे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या.

तेव्हापासून हे वेड लागलं. वेड म्हणते, कारण यातलं काम ऐकलंत तर तुम्हीही तेच म्हणाल. किडा जितका मोठा करून पाहावा तितका त्याचा कमी भाग एका वेळी स्पष्ट दिसतो. मायक्रोस्कोपची चारपट मोठं दाखवणारी लेन्स कॅमेऱ्याला जोडली तर जेमतेम सहा मिलिमीटर रुंदीचं जग चौकटीत मावतं आणि त्यातला केसाच्या जाडीएवढाच थर स्पष्ट येतो. डोळा स्पष्ट असेल तर मिशी धूसर, मिशी स्पष्ट असेल तर डोळा गेला. म्हणून कॅमेरा एका सरकत्या पट्टीवर बसवायचा, मिलिमीटरच्या काही शतांश भागांनी पुढे सरकवायचा, एक फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा. असे शंभर-सव्वाशे फोटो झाले की कॉम्प्युटर प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून एक फोटो जुळवतो.

आणि हे सगळं होत असताना घरात काहीही हलता कामा नये. अमेरिकेतली लाकडी घरं तुम्हाला माहीत आहेतच, वरच्या मजल्यावर कोणी पाण्याला उठलं तरी खालची जमीन थरथरते. म्हणून मी रात्री बाराच्या पुढे बेसमेंटमध्ये बसते, ड्रायर बंद, फर्नेस बंद. प्रकाश मऊ पडावा म्हणून श्रीखंडाचा पांढरा डबा कापून किड्याभोवती लावते. बाजारात यासाठी महाग साधनं मिळतात, पण श्रीखंडाच्या डब्यातून येणारा उजेड मला त्यांच्यापेक्षा बरा वाटतो.

नवरा विचारायचा, 'यात कला कसली? किडा आहे तसाच आहे, तू फक्त मोठा केलास.' प्रश्न चुकीचा नाही. रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये मायक्रोस्कोपखालच्या पिसवेचं चित्र छापलं तेव्हा त्याला विज्ञानच म्हणायचं होतं, पण ते घडीचं, पुस्तकाच्या बाहेर उलगडणारं चित्र लोक आजही चित्र म्हणूनच पाहतात. बर्लिनमध्ये कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे कलाशिक्षक होते. त्यांनी घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने नेच्याचे कोंब, कळ्या, देठ मोठे करून टिपले, ते विद्यार्थ्यांना आकार शिकवण्यासाठी. १९२८ मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि लोकांना त्या देठांत लोखंडी कुंपणं आणि देवळांचे खांब दिसले. मला वाटतं, काय मोठं करायचं हे किड्यावर असतं, पण उजेड कुठून पाडायचा, कशाला काळोखात ठेवायचं आणि कुठे थांबायचं हे आपल्यावर असतं. तेवढी जागा कलेला पुरते.

असो. तर डबा.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तासगावजवळचे द्राक्षबागायतदार. आता बाग दादा बघतो, पण छाटणीच्या वेळी आबा बांधावर नाहीत असं अजून एकदाही झालेलं नाही. म्हणून ते इथे यायला तयार झाले ते एप्रिलची खरड छाटणी उरकून, आणि ऑक्टोबरच्या छाटणीआधी परत पोचवायचं या अटीवर. बॅगेत आईने भरलेला बेदाणा, शेंगदाण्याची चटणी, आणि आबांच्या बंडीच्या खिशात त्यांचं घडीचं भिंग. दहापट मोठं दाखवणारं, कडेला पितळ उघडं पडलेलं. बाग फुलोऱ्यात आली की आबा सकाळी घड पांढऱ्या कागदावर झटकायचे आणि त्या भिंगातून खाली पडलेले फुलकिडे मोजायचे. किती पडले त्यावर त्या दिवशी औषध मारायचं की नाही ते ठरायचं. आमच्याकडे त्या विषाला औषधच म्हणतात.

मी सातवीत असताना आबा एकदा फवारून आले आणि सोप्यातच कोसळले. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. मी त्यांचं डोकं मांडीवर धरून बसले होते आणि दादा जीप आणायला पळाला होता. दोन दिवस दवाखाना झाला. दहाव्या दिवशी आबांच्या पाठीवर पुन्हा पंप होता. त्या औषधाचा वास मला अजून एखाद्या गॅरेजमध्ये अचानक येतो आणि पोटात ढवळतं. मला वाटतं, तिथूनच मी मनात ठरवून टाकलं होतं की आबा किड्यांचे शत्रू, आणि मी त्यांच्यासारखी होणार नाही.

आबा आले तो लॅन्टर्नफ्लायचा मोसम होता. पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सीच्या वाचकांना त्याची ओळख करून द्यायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. हा किडा मूळचा चीनचा. दगडांच्या मालाला चिकटलेल्या अंड्यांतून इथे आला असावा असं मानतात. २०१४ मध्ये आमच्या शेजारच्या बर्क्स काउंटीत तो पहिल्यांदा सापडला. द्राक्षवेलींचं फार नुकसान करतो, म्हणून सरकारी सूचना अशी की दिसला की चिरडा. शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत चिरडतात. आशियातून येऊन इथे जम बसवणाऱ्यावरचा जो विनोद आता तुमच्या मनात आला, तो आमच्या मंडळाच्या गणपतीत इतक्यांदा झालाय की मी इथे करत नाही.

पण हा किडा दिसतो फार सुंदर. लहानपणी काळा, अंगभर पांढरे ठिपके. मोठा व्हायच्या आधीच्या अवस्थेत कुंकवासारखा लाल, त्यावर पांढरे ठिपके आणि काळ्या रेघा. मी त्याचा फोटो काढला होता आणि आबांना कौतुकाने टीव्हीवर लावून दाखवला. लाल रंगावरचा उजेड जमावा म्हणून तीन रात्री घालवल्या होत्या. वाटलं, म्हणतील, काय रंग आहे.

आबा खुर्ची पुढे ओढून बसले. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, 'तुडतुड्याच्या जातीचं हाय.'

मी म्हटलं, 'कशावरून?'

'सोंड बघ की. पोटाखाली दुमडून ठेवलीया. रस पिणारं हाय हे. खाली चिकटा टाकत असंल. चिकट्यावर काळी बुरशी येती का?'

येते. इथल्या विद्यापीठाच्या पत्रकात हेच लिहिलेलं आहे, तुडतुड्यांशी नातंसुद्धा. आबांना इंग्रजी येत नाही. मी त्या फोटोवर तीन रात्री बसले होते, ठिपक्यांच्या कडा साफ केल्या होत्या, आणि सोंड ही माझ्या दृष्टीने फक्त एक काळी रेघ होती. रेघ म्हणून ती छान दिसत होती.

दुसऱ्या दिवशी आबांना मागच्या कुंपणाशी नेलं. तिथे ट्री ऑफ हेवन नावाचं झाड माजलंय, आपल्याकडच्या महारुखाच्या कुळातलं. त्यावर हे किडे ओळीने बसलेले असतात. आबांनी खिशातून भिंग काढलं, खोडाला डोळा लावला आणि हळूहळू मानेनं पुढे-मागे होऊ लागले. मी विचारलं, असं का हलता? म्हणाले, 'एका जागी धरलं तर एकच थर दिसतो. पुढंमागं करायचं आणि डोक्यात जुळवायचं.' मी गप्प बसले. माझी सरकती पट्टी, तो सॉफ्टवेअर, ते शंभर फोटो, हे सगळं आबा चाळीस वर्षं मानेने करत आले होते.

आणि त्याच आठवड्यात त्यांनी तो डबा उघडला.

मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. खाली आले तर आबा टेबलाशी बसलेले, समोर डबा, एकेक घडी उलगडून ठेवलेली. भुंगेरे, माशा, एक चतुर, दोन पतंग. आणि एक हिरवी मधमाशी, धातूसारखी चमकणारी, तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी.

'ह्या मेलेल्या सापडल्या व्हय?'

'काही सापडलेल्या. काही... मी ठेवल्या.'

'म्हणजे जित्या घातल्यास.'

थंडीत किडे आपोआप सुस्त होतात आणि मग मरतात, त्यांना वेदना होत नसाव्यात, पुष्कळ लोक असंच करतात, हे मी सांगत होते आणि माझं मलाच ते पोकळ ऐकू येत होतं. मग मी चिडले. म्हटलं, 'आबा, तुम्ही मला विचारता? तुम्ही आयुष्यभर लाखोंनी मारलेत.'

आबांचा आवाज चढला नाही. 'मारले. पोटासाठी मारले. तुझी हॉस्टेलची फी त्यातनंच गेली. तू कशापायी मारलीस?'

मला उत्तर आलं नाही. दोन दिवस आम्ही जेवणापुरतं बोललो.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगते, जी मी आजवर कुणालाच सांगितली नव्हती. आमच्या हॉलमध्ये त्या हिरव्या मधमाशीचा मोठा प्रिंट होता. घरी येणारा प्रत्येकजण त्यापुढे थांबायचा. पाठीवर हिरव्यात तांबूस झाक, आणि मागच्या पायांच्या केसांत परागकण अडकलेले, पिवळ्याधमक मण्यांसारखे. लोक विचारायचे, हिला पकडलंस कसं? मी सांगायचे, खिडकीत मेलेली सापडली. खोटं होतं ते. मी तिला झेंडूवरून बरणीत धरलं होतं आणि फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. ज्या पायांवरच्या परागाचं सगळे कौतुक करत होते, तो पराग ती घरट्यात घेऊन निघाली होती.

मेरीलँडमध्ये सरकारची एक प्रयोगशाळा आहे. तिथे मधमाश्यांच्या गणनेसाठी गोळा केलेल्या माश्यांचे असेच अप्रतिम फोटो काढतात आणि कोणालाही फुकट वापरू देतात. त्यांच्या मारण्यामागे मोजदाद आहे, ओळख पटवणं आहे. माझ्याकडे हॉलची भिंत होती.

तिसऱ्या दिवशी मी डबा रिकामा केला. झेंडूच्या कुंडीत सगळं पुरलं. आबांनी खिडकीतून पाहिलं, पण काही बोलले नाहीत. प्रिंट उतरवला नाही. तो अजून तिथेच आहे, पण आता कुणी विचारलं तर खरं सांगते. एक-दोघांचा चेहरा उतरतो.

त्याच महिन्यात आम्ही न्यूयॉर्कला गेलो. नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये लेव्हन बिस या ब्रिटिश फोटोग्राफरचं प्रदर्शन लागलं होतं, नामशेष झालेल्या आणि होऊ घातलेल्या किड्यांचं. हा माणूस मुळात खेळाडूंचे वगैरे फोटो काढायचा. मुलाला बागेत सापडलेल्या एका भुंगेऱ्यापासून त्याचं हे काम सुरू झालं. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या म्युझियममध्ये त्याचं पहिलं मोठं प्रदर्शन झालं. तिथल्या एकेका चित्रासाठी त्याने ८,००० ते १०,००० फोटो जोडले होते. किडे मात्र म्युझियमच्या पेट्यांमधले, टाचणीला लावलेले, कधीच मरून गेलेले. त्याच्यासमोर माझे शंभर-सव्वाशे म्हणजे बालवाडी.

आबा प्रत्येक चित्रापुढे सोंड, पाय, पंख या क्रमाने पाहत होते. परतीच्या बसमध्ये मी त्यांना रॉकी माउंटन टोळाची गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकात या टोळाच्या धाडी अमेरिकेच्या पश्चिमेकडची शेतंच्या शेतं उडवायच्या. शेतकरी देशोधडीला लागले. आणि १९०२ नंतर तो जिवंत असा कुणाला दिसलाच नाही. ज्या नदीखोऱ्यांत तो अंडी घालायचा, तिथली जमीन लोकांनी नांगरून पिकांखाली आणली, हे त्यामागचं कारण मानतात.

आबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, 'औषध न मारता गेला?'

'हो.'

'आणि आम्ही एवढं मारून फुलकिडा हाय तिथंच हाय.'

त्यावरून सुचलं. अंगणातल्या गुलाबाचं फूल पांढऱ्या कागदावर झटकलं, आबांच्याच पद्धतीने. चार-पाच फुलकिडे पडले. मिलिमीटरभर लांबीचे, डोळ्याला नुसते हलणारे ठिपके. एक आधीच पाकळीत मरून सुकलेला होता. तो घेतला. दहापट मोठं दाखवणारी लेन्स लावली आणि रात्री बेसमेंटमध्ये आबांना शेजारी बसवलं. मिलिमीटरचा दोनशेवा भाग, एक फोटो. पुन्हा तेवढंच पुढे, पुन्हा एक. असे साठ. आबा श्वाससुद्धा जपून घेत होते. मधे त्यांना खोकला आला तेव्हा तोंडावर पंचा धरून ते जिना चढून वर गेले, खोकले, आणि परत आले.

फोटो जुळून टीव्हीवर आला तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते. मिलिमीटरभर किडा तीन फूट लांब. फुलकिड्याचा पंख आपल्या माशीसारखा पातळ पडदा नसतो. मधे एक अरुंद दांडी आणि तिच्या दोन्ही कडांना लांब, सारख्या अंतराने लावलेले केस.

आबा उठले आणि टीव्हीच्या अगदी जवळ गेले. चाळीस वर्षं ज्याला कागदावर मोजलं, ज्याच्यापायी पंप उचलला, ज्याच्यापायी एकदा सोप्यात कोसळले, तो पहिल्यांदाच त्यांच्यासमोर स्थिर उभा होता.

'ह्याला झालर हाय,' ते म्हणाले.

मग बसले. थोड्या वेळाने म्हणाले, 'भिंगातनं नुसतं पिवळं पळताना दिसायचं.' आणखी थोड्या वेळाने, 'तरी फुलोऱ्यात आला तर मारायलाच लागंल.' मी म्हटलं, 'हो.' खरंच दुसरं काय म्हणणार? दादाच्या बागेवर कर्ज आहे, आणि मण्यावर डाग पडला की व्यापारी दर पाडतो.

आता मी फोटोसाठी काही मारत नाही. पहाटे पाचला उठून बाहेर जाते, तेव्हा किडे गारठून दवाने भिजलेले असतात आणि दहा-वीस फोटोंपुरते हलत नाहीत. ऊन आलं की पंख झटकून जातात. बाकी दिव्यांच्या झाकणांत, खिडक्यांच्या खोबणीत, गाडीच्या जाळीत मेलेलं पुष्कळ सापडतं. पूर्वीसारखे निर्दोष फोटो येत नाहीत. एखादी मिशी मोडलेली असते, पंख फाटलेला असतो. स्पर्धेला पाठवण्यासारखे त्यातले थोडेच. लॅन्टर्नफ्लाय मात्र अजून चिरडते, आणि दरवेळी पायाखाली तो लाल रंग दिसला की जीव थोडा खाली-वर होतो. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्हाला सापडलं असेल तर मला जरूर कळवा.

आबा सप्टेंबरमध्ये गेले. ऑक्टोबरची छाटणी झाली. बाग फुलोऱ्यात आली त्या सुमाराला एका संध्याकाळी माझ्या व्हॉट्सॲपवर फोटो आला. पुतण्याच्या फोनच्या कॅमेऱ्याला भिंग लावून काढलेला. कागदाची एक कड स्पष्ट, बाकी सगळं धूसर, कोपऱ्यात आबांच्या अंगठ्याचं नख. मधे पिवळसर ठिपके. खाली पुतण्याने लिहिलं होतं, 'आबा विचारतायत, किती आहेत मोज.'

मी फोटो मोठा केला आणि मोजले. अकरा. तसं कळवलं.

दोन मिनिटांनी उत्तर आलं. 'आबांचे पण अकराच आले. उद्या सकाळी फवारणार. तोंडाला मास्क बांधायला सांगितलंय म्हण, असं आबांनीच सांगितलंय.'